चुनखडीचा वायु आणि आमची विहीर

चुन्याची भट्टी पाहिली नाहीं असा शेतकरी विरळाच. चुनखडी भाजली असतां तिच्यांतील कर्बाम्ल वायु, ज्यास आज कार्बन डायऑक्साइड म्हणतात, निघून जातो व चुना शिल्लक राहतो. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 44 किलो वायु उडून जातो. तोच चुना भिंतीस दिला म्हणजे हवेंतील वायु हळूहळू शोषून पुन्हा दगडासारखा होतो. वायु दगडांतून सुटतो व दगडांतच बांधलाही जातो, एवढें ध्यानांत ठेविल्यास पुढील विषय अवघड वाटणार नाहीं.

आमच्या झरी जामणी तालुक्यांत मुकुटबन येथें सन 2022 पासून सिमेंटचा कारखाना चालू आहे. सिमेंट करतांना जो वायु सुटतो, त्यापैकीं निम्म्याहून अधिक कोळशाचा नसून खुद्द चुनखडीचा असतो. म्हणून केवळ जळण बदलून हा प्रश्न मिटत नाहीं. हवेंत हा वायु वाढला म्हणजे उष्मा वाढतो व पावसाची रीत बिघडते. कोरडवाहू कपाशी पेरणाऱ्यास ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. तेव्हां वायु धुराड्यांतच पकडून भूगर्भांत कोंडावा, असा विचार पुढें आला.

हें काम एका कारखानदाराच्या आवांक्यांतील नसल्यामुळें अनेक सरकारांनीं त्यांत हात घातला. सन 2003 मध्यें अमेरिकेच्या पुढाकारानें ह्या कार्यासाठीं राष्ट्रांचा एक मंच स्थापन झाला. त्याच्या आरंभींच्या सभासदांत हिंदुस्थान होता. नॉर्वेमध्यें सन 1996 पासून समुद्राच्या तळाखालीं वायु भरीत आहेत. त्याच देशांत ब्रेव्हिक येथील सिमेंटच्या कारखान्यांत, सरकारच्या मोठ्या द्रव्यसाहाय्यानें, वर्षास सुमारें 4 लक्ष टन वायु पकडण्याची योजना सन 2025 मध्यें सुरू झाली. आपल्याकडे सन 2022 मध्यें पवईच्या आयआयटींत ह्या विषयाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र उघडलें.

आम्हांस विशेष विचार करण्याजोगा प्रयोग आइसलंड बेटांतील आहे. तेथें सन 2012 मध्यें पाण्यांत विरविलेला वायु काळ्या पाषाणांत सोडला. त्यांतील 95 टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आंत दगड बनला. विदर्भांतील कपाशीची काळी जमीन ज्या पाषाणापासून झाली, तो ह्याच जातीचा. म्हणून दख्खनच्या पाषाणाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष लागलें आहे. परंतु त्या रीतीनें एक टन वायु विरविण्यास सुमारें 25 टन पाणी लागतें. आइसलंडांत पाण्यास तोटा नाहीं. आमच्या विहिरी मात्र उन्हाळ्यांत तळ दाखवितात. शिवाय वायु पकडण्यास उष्णता व वीज पुष्कळ खर्चावी लागते, ती निराळीच.

नव्या विद्येस विरोध करावा असें आमचें म्हणणें नाहीं. पावसाचें नुकसान प्रथम आम्हांसच भोगावें लागतें. परंतु पुढेंमागें अशी योजना कोणाच्याही शिवारांत आली, तर सभासदांनीं ग्रामसभेंत चार प्रश्न अवश्य विचारावे : वायु किती खोल भरणार? पाणी कोठून आणणार? आसपासच्या विहिरींचें पाणी कामापूर्वीं व नंतर कोण तपासणार? आणि कारखाना बंद पडल्यावर त्या वायूची जबाबदारी कोणावर राहणार? ह्यांचीं उत्तरें लेखी मिळाल्यावांचून संमति देऊं नये. जमीन वरून जशी आमची काळजी मागते, तशीच ती आंतूनही मागते.