लसीची बाटली आत्ता कुठे आहे?

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात आज लसीकरणाचा दिवस आहे. दीड महिन्याचं एक बाळ आईच्या मांडीवर झोपलंय. सिस्टर बोटाएवढ्या काचेच्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर लस सिरिंजमध्ये घेतात, बाळाच्या मांडीत टोचतात, बाळ जोरात भोकाड पसरतं आणि झालं! पेंटा लसीचा पहिला डोस मिळाला. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जिवाणूमुळे होणारे आजार, अशा पाच शत्रूंशी लढायची तयारी त्या बाळाच्या अंगात सुरू झाली.

आता तुम्हाला एक प्रश्न विचारते. काल दुपारी तीन वाजता त्या बाटलीच्या आजूबाजूला किती अंश तापमान होतं, हे कुणाला सांगता येईल का? आणि धडगावपासून शेकडो किलोमीटर दूर कचेरीत बसलेल्या माणसाला ते कळेल का?

कळतं! ते कसं, हे समजून घेण्यासाठी आपण त्या बाटलीबरोबर प्रवासाला निघू या.

आपली बाटली पुण्यात तयार झाली असं धरू. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सुरू झाली. डोसांच्या संख्येने मोजलं तर ती आज जगातली सगळ्यात मोठी लस तयार करणारी कंपनी आहे. तिथून निघणाऱ्या लसी जगभरातल्या देशांत जातात. पण बाटली भरली, झाकण बसलं, की लगेच गाडीत चढत नाही, बरं का. लस एकेका घाण्याने बनते, त्या घाण्याला म्हणतात बॅच. प्रत्येक बॅचला एक नंबर असतो. त्या बॅचची चाचणी होते. लसींची अशी सरकारी तपासणी करणारी केंद्रीय औषध प्रयोगशाळा आहे थेट हिमाचल प्रदेशात, कसौलीला. तिथून होकार आला, की बॅच मोकळी होते.

मग सुरू होतो रस्त्याचा प्रवास. राज्याचं लस भांडार, तिथून नाशिक विभागाचं भांडार, मग नंदुरबारचं जिल्हा भांडार, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. पुण्याहून नंदुरबार म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे सातपुडा. तळोद्याकडून धडगावला जायचं तर चांदसैली घाट चढावा लागतो आणि पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. या सगळ्या वाटेवर बाटलीची एकच अट असते: मला २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा.

एवढी कडक अट कशासाठी? दूध नासलं तर आपल्याला दिसतं, वास येतो. लस बिघडली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही! उन्हात तापून निकामी झालेली लस आणि चांगली लस शेजारी ठेवली, तर तुम्हाला-मला फरक ओळखता यायचा नाही. आणि गंमत म्हणजे पेंटाला उन्हापेक्षाही गोठण्याची भीती जास्त. तिच्यात ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिशय बारीक कण असतात आणि लसीचा कामाचा भाग त्यांना चिकटलेला असतो. पाणी गोठलं, की हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. नंतर बर्फ वितळला तरी कण पुन्हा सुटे होत नाहीत. लस गेली ती गेलीच.

म्हणून बाटलीवर एक भन्नाट चिन्ह असतं. पुढच्या वेळी दिसलं तर नीट बघा. एक जांभळट गोल आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन. त्या चौकोनात असं रसायन असतं, जे उष्णता लागेल तसं हळूहळू गडद होत जातं. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस वापरायची. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला, की बाटली बाद. या चौकोनाचा रंग उलटा फिरत नाही, त्यामुळे बाटलीने वाटेत सोसलेली सगळी उष्णता त्यात साठत जाते. वाचायला चष्मा नको, वीज नको, मोबाइल नको. मला विचाराल तर माणसाने लावलेल्या सगळ्यात शहाण्या शोधांपैकी हा एक आहे.

पण या चौकोनाला एक गोष्ट जमत नाही. लस गोठली, तर ते तो सांगू शकत नाही. शिवाय तो बोलतो फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाशी. धडगावचा चौकोन नंदुरबारहून कसा दिसणार?

इथे येतं ई-विन. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०१५ साली ही संगणक यंत्रणा सुरू केली. आधी काही राज्यांत, मग देशभर. आरोग्य केंद्रात लस ठेवायला एक खास फ्रीज असतो, त्याला सगळे आयएलआर म्हणतात. त्याचं दार वरच्या बाजूला असतं. का, सांगा पाहू? थंड हवा जड असते. घरच्या उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती खाली सांडून बाहेर जाते. वरचं झाकण उघडलं तर ती आतच बसून राहते. शिवाय या फ्रीजच्या भिंतींत बर्फाचा थर असतो. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतली थंडी टिकते. ज्या भागात वीज जाते-येते, तिथे याची किंमत फार मोठी आहे.

या फ्रीजमध्ये ई-विनचा एक छोटा सेन्सर असतो. तो दर दहा मिनिटांनी तापमान टिपतो. त्याला जोडलेल्या यंत्रात मोबाइलसारखंच सिम कार्ड असतं, त्यातून तासाभराने ही माहिती दूरच्या मोठ्या संगणकाकडे जाते. तापमान २ च्या खाली किंवा ८ च्या वर गेलं, तर यंत्र ओरडतं आणि फ्रीज सांभाळणाऱ्यांच्या मोबाइलवर मेसेज जातो. तो मध्यरात्रीही जातो!

तर काल दुपारी तीनचं तापमान असं कळतं.

ई-विनचं दुसरं काम मोजण्याचं. लसीकरणाचा दिवस संपला, की आरोग्य केंद्रातला लस सांभाळणारा माणूस मोबाइलवर भरतो: किती बाटल्या आल्या, किती वापरल्या, किती उरल्या, कुठल्या बॅचच्या, मुदत कधी संपते. पूर्वी हे सगळं फक्त वहीत असायचं. वही भरायची, महिन्याचा कागद तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग पुण्याला. कागद पोचेपर्यंत साठा बदललेला! एका केंद्रात बाटल्या पडून मुदत संपायची आणि दुसऱ्या केंद्रातून आई बाळाला घेऊन परत जायची. आता जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला दोन्ही केंद्रं एकाच पडद्यावर दिसतात. इथल्या जादा बाटल्या तिथे पाठवता येतात. ज्यांची मुदत आधी संपणार, त्या आधी वापरता येतात.

आणि हा हिशेब नंदुरबारला थांबत नाही. लस काही आज मागितली आणि उद्या बनली अशी होत नाही. जिवाणू वाढवायचे, शुद्ध करायचं, मिसळायचं, भरायचं, तपासायचं, यात महिने जातात. त्यामुळे किती लस लागणार याचा अंदाज फार आधी लागतो आणि तो आरोग्य केंद्रातल्या खऱ्या आकड्यांवरूनच बरोबर बांधता येतो. म्हणजे बघा, बाटली पुण्याहून सातपुड्यात येते आणि तिची खबर सातपुड्यातून उलट पुण्याकडे, दिल्लीकडे जाते. मोटारी, मोबाइल, कपडे बनवणारे जगभरातले मोठे कारखाने हेच करतात. सुटा भाग एका देशात, जोडणी दुसऱ्या देशात, विक्री तिसऱ्याच देशात. सगळ्यांचे संगणक एकमेकांना जोडलेले नसतील, तर कुठे काय अडलंय हे कुणालाच कळणार नाही.

पण संगणक जोडायचे म्हणजे नुसती तार लावून भागत नाही. एकाने लिहिलं ‘पेंटा’, दुसऱ्याने लिहिलं ‘पेंटाव्हॅलंट १० डोस’. आपल्याला कळतं की वस्तू एकच आहे. संगणकाला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात! म्हणून वस्तूला आधी एक पक्का नंबर द्यावा लागतो.

नंबर देण्यावरून आठवलं. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात टेंभली नावाचं गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक याच गावात दिले गेले. आधारचे आकडे असतात बारा, पण खरा नंबर अकरा आकड्यांचाच. बारावा आकडा असतो पहारेकरी! पहिल्या अकरा आकड्यांवरून गणित करून तो काढलेला असतो. लिहिताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर पहारेकरी जुळत नाही आणि संगणक लगेच म्हणतो, थांबा, काहीतरी चुकलंय.

वस्तूंच्या नंबरातही असाच पहारेकरी असतो. हे तुम्ही आत्ता, घरी करून बघू शकता. बिस्किटाचा पुडा घ्या. काळ्या रेघांच्या बारकोडखाली तेरा आकडे असतील. सुरुवातीला ८९० असेल, तर तो नंबर भारतात नोंदवलेला आहे. आता शेवटचा आकडा झाका. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एक सोडून एक सहा आकडे मिळवा. मग दुसरा, चौथा, सहावा असे उरलेले सहा मिळवा आणि त्या बेरजेला ३ ने गुणा. दोन्ही उत्तरं एकत्र करा. त्याच्या पुढची दहाने भाग जाणारी संख्या गाठायला जेवढे कमी पडतात, तो तेरावा आकडा!

एक नमुना बघू या: ८९०१२३४५६७८९. पहिली बेरीज ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. दुसरी ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, तिप्पट १०२. एकूण १३०. दहाने नेमका भाग जातो, कमी काहीच पडत नाही. मग शेवटचा आकडा ०. मधला एखादा आकडा मुद्दाम बदलून पुन्हा गणित करा आणि पहारेकरी कसा पकडतो ते बघा.

रेघांच्या बारकोडमध्ये फार थोडी माहिती मावते. जपानमधल्या डेन्सो कंपनीत मोटारींचे सुटे भाग मोजणाऱ्या कामगारांना एकेका खोक्यावरचे कितीतरी बारकोड वाचावे लागायचे. तिथल्या मासाहिरो हारा या अभियंत्याने १९९४ साली त्यावर उपाय काढला. गो नावाच्या खेळाच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या असतात, त्यांवरून त्याला सुचलं की माहिती आडवी आणि उभी, दोन्हीकडे मांडता येईल. तोच आपला क्यूआर कोड. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन बघा. त्यांच्यावरून कुठूनही रेघ मधोमध नेली, तर काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. छापील कागदांवर सगळ्यात कमी वेळा आढळणारं हे प्रमाण त्यांनी शोधून काढलं, म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कशाला क्यूआर कोड समजायला नको. मोटारीच्या कारखान्यातला हा चौकोन आज आपल्या भाजीवाल्याच्या गाडीवर आहे!

आता परत आपल्या बाटलीकडे. ई-विनच्याच पायावर पुढे करोना लसीकरणाची नोंद ठेवणारं को-विन उभं राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये पहाटेच्या अंधारात करोना लसीचे पहिले तीन ट्रक सीरममधून बाहेर पडले आणि १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. पुढे दोनशे वीस कोटींहून जास्त डोसांची नोंद त्यात झाली.

तरी शेवटचा टप्पा माणसाचाच असतो. आरोग्य केंद्रातून पाड्यावर जाताना बाटल्या थंड डब्यात ठेवतात, त्यात चार आईस पॅक असतात. डीप फ्रीजरमधून काढलेला पॅक तसाच डब्यात घातला तर शेजारची पेंटा गोठेल. म्हणून सिस्टर तो थोडा वेळ बाहेर ठेवतात आणि मग कानाजवळ हलवून बघतात. आत पाण्याचा आवाज आला, म्हणजे तो डब्यात ठेवायला तयार. पुण्यापासून इथवर एवढे संगणक, एवढे सेन्सर आणि इथे भरवसा सिस्टरच्या कानावर! मला हे फार आवडतं.

अक्राणी (म्हणजेच धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना सरदार सरोवराच्या पाण्यातून होडीनेच जावं लागतं. तिथे तरंगता दवाखानाही आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच भागातल्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत लांबचे पाडे गाठले आणि तिथल्या बाळांची, गरोदर बायकांची काळजी घेतली. अशा ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. नोंद आधी वहीत होते, मग रेंजमध्ये आल्यावर संगणकात. ती नोंद खरी असेल, तरच दूरच्या पडद्यावर दिसणारा आकडा खरा. रेंज नसलेल्या पाड्यांपर्यंत मोबाइलचे टॉवर पोचायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं, कारण सगळ्यात लांबच्या बाळाची लस संपली तर ते सगळ्यात आधी कळायला हवं.

तुमच्यासाठी एक काम. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या देशात जास्त खपाच्या तीनशे ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणं सक्तीचं झालं आहे. घरात असं औषध असेल, तर आई-बाबांच्या मदतीने त्याचा कोड स्कॅन करा. कंपनीचं नाव, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख दिसेल. ती पाकिटावर छापलेल्या माहितीशी ताडून बघा. जुळली नाही, तर औषध घेऊ नका आणि दुकानदाराला दाखवा.