मेंदूच्या माड्या

वासण्याहून बडोद्याच्या जुन्या शहरात जाताना विश्वामित्रीचा पूल लागतो. हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेली मगर दिसली की पुलावर माणसे थबकतात. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात याच मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या. अशा प्राण्यास बुद्धी हा शब्द लावण्यास आपण सहसा धजत नाही. उलट माणसास अनावर क्रोध आला, की त्याच्यातील सरपटणाऱ्याचा मेंदू जागा झाला, असे शास्त्राच्या नावावर सांगितले जाते. या समजुतीचा उगम पाहणे शिक्षकांस तरी अगत्याचे आहे.

पॉल मॅक्लीन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली. तिच्या मते मेंदू हा तीन मजली वाडा होय: तळाशी सरपटणाऱ्यांच्या सहजप्रेरणा, त्यावर आद्य सस्तनांच्या भावना, आणि सर्वांत वर विचाराची माडी. कल्पना सुबक खरी. पण उत्क्रांती गवंड्याप्रमाणे जुन्या घरावर माड्या चढवीत गेली नाही. अग्रमेंदू, मध्यमेंदू व पश्चमेंदू हे तिन्ही भाग माशापासून माणसापर्यंत सर्व पृष्ठवंशीयांत आढळतात. भेद आहे तो त्यांच्या वाढीचा व मांडणीचा. सस्तन आणि सरपटणारे यांचे वंश सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हा मगर ही आपली पणजी नव्हे, फार दूरची चुलत बहीण आहे. तिचा मेंदूही तितकीच वर्षे घडत आला आहे. अंड्यांतील पिलांचा आवाज ऐकून मादी घरटे उकरते, आणि ज्या जबड्याने ती भक्ष्याची हाडे मोडते त्याच जबड्यातून पिले अलगद पाण्यात नेऊन सोडते. भावनेची माडीच नसलेल्या घरात हे वात्सल्य कोठून आले?

मगरीचे सर्वांत जवळचे हयात नातलग म्हणजे पक्षी. आणि त्यांच्या बाबतीत तर केवळ नावांनी अनर्थ केला. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग एडिंगर या जर्मन शारीरशास्त्रज्ञाने पक्ष्यांचा अग्रमेंदू बहुतांशी सहजप्रेरणांच्या खालच्या गाभ्याचाच विस्तार मानला, आणि त्याच्या भागांना तशीच नावे रूढ झाली. नाव एकदा बसले, की डोळ्यांना तेच दिसू लागते, हे साहित्याच्या अभ्यासकांस निराळे सांगावयास नको. कावळ्याची चतुराई आमच्या आजीबाईंना ठाऊक होती. ग्रंथांतून मात्र ती निव्वळ उपजत ठरली. अखेर २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी ही नामावली बदलली. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले, की पोपट व कावळे यांच्या कुळांतील पक्ष्यांचा मेंदू लहान असला तरी त्यात चेतापेशी फार दाटीने वसलेल्या असतात.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांपैकी विचाराचे आसन म्हणून गौरविलेल्या मोठ्या मेंदूच्या बाह्यकात अवघ्या १६ अब्ज. सुमारे ६९ अब्ज आहेत त्या मानेच्या वरच्या अंगास दडलेल्या लहान मेंदूत. तोल सावरणे, हालचालींना ताल देणे, चुकलेली हालचाल पुढच्या वेळी सुधारणे ही त्याची परिचित कामे. आता भाषा व विचार यांतही त्याचा हात असल्याचे आढळत आहे. 'लहान' हे विशेषण आकारापुरते खरे आहे. फळ्यावर आकृती काढताना विद्यार्थ्यांस तेवढेच सांगावे, आणि मजल्यांच्या रेघा ओढू नयेत.