दृष्टिहीनांसाठी संगणक : स्क्रीन रीडर आणि ब्रेल कळफलकाची निवड

बंगळूरची चिकपेट रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर सदर पत्रप्पा मार्ग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एस. पी. रोड आहे. संगणक आणि त्याच्या सुट्या भागांची ही शहरातील मोठी बाजारपेठ. या जुन्या पेठांच्या परिसरात भावसार, नामदेव शिंपी अशा समाजांतील मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा घरातील दृष्टिहीन व्यक्तीसाठी संगणक घ्यावयाचा झाला की दुकानात पहिली विचारणा बहुधा 'ब्रेल कीबोर्ड मिळेल का?' अशी होते. आमच्या मते ही खरेदीची सुरुवात उलट्या टोकाने झाली.

दृष्टिहीन व्यक्ती टंकलेखन करते ते साध्याच कळफलकावर. 'एफ' व 'जे' या कळांवर आणि अंकपट्टीतील ५ च्या कळेवर बारीक उंचवटा असतो. तेथे बोटे टेकली की उरलेल्या कळांची जागा सरावाने कळते. कळांवर चिकटवावयाच्या ब्रेल पट्ट्या मिळतात, परंतु प्रत्येक अक्षर चाचपून शोधण्याची सवय लागली तर वेग कधीच वाढत नाही. ब्रेल उत्तम जाणणाऱ्या नवशिक्याला पहिले काही आठवडे त्यांचा आधार होईल, एवढेच. त्यापेक्षा कळफलकाला उजवीकडे स्वतंत्र अंकपट्टी आणि वेगळी 'इन्सर्ट' कळ आहे ना, हे पाहावे. स्क्रीन रीडरच्या अनेक आज्ञा या कळांवरून दिल्या जातात. लहान लॅपटॉपवर ही सोय नसते, म्हणून थोडे पैसे अधिक देऊन बाहेरून जोडावयाचा पूर्ण आकाराचा कळफलक घेणे शहाणपणाचे.

आता स्क्रीन रीडर. ही आज्ञावली पडद्याचे चित्र पाहत नाही. पडद्यामागे संगणकाजवळ जो मजकूर व जी रचना नोंदलेली असते, ती घेऊन वाचून दाखवते. एवढे ध्यानात घेतले की पुष्कळ कोडी सुटतात. कागदाचे छायाचित्र काढून पाठविलेले परिपत्रक स्क्रीन रीडरला कोरे वाटते. त्यातील अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात. युनिकोडपूर्व मराठी टंकांत लिहिलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असल्यामुळे कानावर निरर्थक बडबड पडते. दृष्टिहीन नातेवाइकाला मराठी पत्र पाठवावयाचे असल्यास ते युनिकोडमध्येच पाठवावे.

विंडोज संगणकासाठी प्रमुख नावे तीन. 'जॉज' हे सर्वांत जुने; १९८९ मध्ये ते डॉस प्रणालीसाठी आले. ते समर्थ आहे, पण महाग आहे. विनापरवाना वापरल्यास चाळीस मिनिटांनी थांबते व संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. परीक्षेसाठी मात्र तेवढा वेळ पुरतो. 'एनव्हीडीए' २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने सुरू केले. ते विनामूल्य आहे, मुक्त स्रोत आहे आणि पेन ड्राइव्हवरूनही चालते. 'नॅरेटर' विंडोजमध्ये मुळातच असतो. घरगुती वापर, पत्रव्यवहार आणि नेट बँकिंग यांसाठी एनव्हीडीएपासून आरंभ करावा, असे आम्ही निःसंकोच सुचवू. जॉजचा खर्च त्यावरच बेतलेले काम असणाऱ्या कार्यालयाने करावा.

आवाजाची निवड हा नाजूक भाग आहे. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक आवाजात मराठी आहे. तो यांत्रिक वाटतो, परंतु वेग वाढविला तरी स्पष्ट राहतो, म्हणून अनुभवी मंडळी त्यालाच पसंती देतात. मराठी आवाज पारखताना 'चहा' आणि 'चाक', किंवा विश्व या अर्थाचे 'जग' आणि जगण्यातले 'जग' ऐकून पाहावेत. आपण लिहितो एकच अक्षर आणि उच्चारतो दोन. यंत्राची येथे तारांबळ उडते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि संगणकावर इंग्रजी अशी बंगळूरची त्रिभाषा असल्याने प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या आवाजाची मांडणी जतन करून ठेवावी.

मग ब्रेलची गरज कोठे? कानाने आशय कळतो, अक्षरे निसटतात. आयएफएस संकेताचेच पाहा. त्यात ११ चिन्हे असतात आणि पाचवे नेहमी शून्य असते. भरभर ऐकताना ते शून्य की इंग्रजी 'ओ', हा संभ्रम होतो. बोटाखाली ठिपके आले की शंका उरत नाही. हे काम 'ब्रेल डिस्प्ले' करतो : ओळीत १४, २०, ४० किंवा ८० घरे, आणि पडद्यावरील मजकुरानुसार वर-खाली होणारे ठिपके. बहुतेक डिस्प्लेमध्ये विद्युतदाबाने वाकणाऱ्या स्फटिकपट्ट्या प्रत्येक ठिपक्यामागे असतात, म्हणून घरे वाढतात तशी किंमत चढते. आयएफएस संकेत १४ घरांत मावतो. लेखन-वाचन हाच व्यवसाय असेल तर ४० घरे हवीत. दृष्टी व श्रवण दोन्ही नसलेल्यांना डिस्प्लेवाचून पर्याय नाही. अनेक डिस्प्लेंना ब्रेल लेखनाच्या सहा किंवा आठ कळा असतात. खरा ब्रेल कळफलक तो हाच. शिवाय अँड्रॉइड फोनच्या टॉकबॅकमध्ये २०२० पासून असा कळफलक पडद्यावरच मिळतो, तोही फुकट.

चिकपेटेतील वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय लिप्यांतील समान उच्चाराच्या अक्षरांना सर्वसाधारणपणे तेच ठिपके आहेत. मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' यांची रूपे डोळ्यांना भिन्न दिसली तरी बोटाला ती एकच लागतात.

बँक व्यवहारांत गुप्तता महत्त्वाची. स्क्रीन रीडर शिल्लक मोठ्याने वाचतो, म्हणून इअरफोन अनिवार्य समजावा. एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा करण्याची सोय आहे. शेजारी बसलेल्यास काहीही दिसत नाही. चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट जेथे येईल, तेथे ध्वनिरूप पर्याय शोधावा. तो नसल्यास शाखेकडे लेखी तक्रार करावी. ही मेहेरबानी मागणे नव्हे. चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग व लॉकर या सुविधा दृष्टिहीनांना भेदभावाविना द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच बजावले आहे. १ जुलै २०१४ पासून बसविल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या एटीएमला बोलती सूचना व ब्रेल कळा हव्यात, असाही तिचा निर्देश आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग ठरविला.

प्रशिक्षणासाठी बंगळुरात एनेबल इंडिया व मित्रज्योती, तर मुंबईत सेंट झेविअर्स महाविद्यालयातील संसाधन केंद्र या संस्थांचा अनुभव मोठा आहे. यंत्र घेण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. ज्याला ते वापरावयाचे आहे, त्याने स्वतः जावे.

एस. पी. रोडवर जाताना एनव्हीडीए भरलेला पेन ड्राइव्ह आणि स्वतःचे इअरफोन खिशात असू द्यावेत. पेन ड्राइव्ह लावू देण्यास दुकानदार कां-कूं करू लागला, तर विंडोज, कंट्रोल व एंटर या तीन कळा एकत्र दाबाव्यात. नॅरेटर बोलू लागेल आणि कळफलक तेथेच पारखता येईल.