गडाच्या पायथ्याशी एक ढेरपोट्या

आश्विन सरत आला की नाशकात भद्रकाली, मेन रोड, पंचवटी या भागांत रस्त्याच्या कडेला दिवाळीच्या किल्ल्याची मातीची चित्रं मांडली जातात. पुढच्या रांगेत सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफा आणि एकाच साच्यातून निघालेले मावळे. मागे, बहुधा एखाद्या पाटीत एकत्र टाकलेली, उरलेली मंडळी असतात: गवळण, जात्यावर बसलेली बाई, भाजीवाली, चिलीम ओढणारा म्हातारा. मी आधी ती पाटी धुंडाळतो. मावळा किल्ल्याचं रक्षण करतो, पण किल्ल्याखाली गाव आहे, तिथे माणसं राहतात, भांडतात, हसतात, हे सांगायला ही पाटीतली माणसंच लागतात. त्यांच्यातला गमतीदार माणूस रंगवणं हे मावळा रंगवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

आमच्या वसाहतीतल्या मंडळाने यंदा किल्ल्यांच्या स्पर्धेला एक जोड दिली. गडाच्या पायथ्याच्या बाजारातला एक प्रसंग करायचा, चित्रं स्वतः रंगवायची आणि पाहणाऱ्याला हसू यायला हवं. मी ठरवला तो प्रसंग असा: एक ढेरपोट्या सावकार गड चढतोय. पैशांची थैली त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली आहे. आणि पाठीवरच्या गाठोड्यातली भाकरी एक वानर निवांतपणे काढून घेतंय. सप्तशृंगी गडावर किंवा त्र्यंबकेश्वराला गेलेल्या कोणालाही यातल्या दुसऱ्या पात्राची ओळख करून द्यावी लागणार नाही. अंजनेरीला तर हनुमानाचं जन्मस्थान मानतात, तिथे वानरांचा मान आपल्या आधीचा.

ढेरपोट्या मात्र मला पांडवलेण्यांत भेटला. डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे, तिथून पायऱ्या चढून गेलं की तिसऱ्या क्रमांकाचं लेणं लागतं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. ओसरीतल्या शिलालेखात तिने मुलाच्या पराक्रमाचं मोठं वर्णन कोरवून घेतलं आहे. लोक तो लेख पाहायला जातात. पण ओसरीच्या खाली पाहिलं तर सहा जाडजूड गण दिसतात. कमरेपर्यंत जमिनीत रुतलेले, खांद्यावर तुळया घेतलेले. राजाची कीर्ती वर, आणि तिचा भार या सहा जणांच्या खांद्यावर. त्या शिल्पकाराला गंमत आणि भक्कमपणा यांत विरोध वाटला नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण आणि एक देवता दिली आहे. हास्याचा वर्ण पांढरा, आणि देवता प्रमथ, म्हणजे शंकराचे गण. हे वाचून पुन्हा त्या ओसरीपुढे उभं राहावं. खानदेशच्या वेशीवर, कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्यात असाच एक ठेंगणा, पोटाळ यक्ष सापडला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो तोंडभर हसतोय, आणि तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं त्याच्या हातावरच कोरलेलं आहे. दागिन्यांवर बारीक काम करणाऱ्या माणसाने दगडातलं हसू घडवलं. गालाचा फुगवटा आणि डोळ्याची कड यांतच हसू असतं, हे ज्याला बारीक कामाची सवय आहे त्याच्या हाताला ठाऊक असतं.

लहान चित्रांची परंपराही इथलीच. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती थरांथरांनी उघडी केली. कुंभाराचा हात या शहरात किती जुना आहे याचा तो पुरावा. सातवाहन काळातल्या चित्रांचा खरा खजिना धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तिथल्या संग्रहालयात पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती पाहायला मिळतात. पुढचा भाग एका साच्यातला, मागचा दुसऱ्या साच्यातला, दोन्ही जोडून आत पोकळ. आज आपण विकत घेतो ते मावळे याच रीतीने होतात. चित्राच्या कुशीवरून जाणारी सांध्याची रेघ दोन हजार वर्षांत बदललेली नाही. पुढे इंग्रजी अमदानीत जॉर्ज बर्डवुड यांनी १८८०च्या ग्रंथात हिंदुस्थानी कारागिरीची नोंद घेतली तेव्हा कृष्णनगर, लखनौ यांच्याबरोबर पुण्याच्या मातीच्या चित्रांचंही कौतुक केलं. ती मलमल आणि रेशमाचे कपडे घातलेली चित्रं होती.

पायथ्याच्या स्मारकाकडे परत येतो, कारण फाळके या विषयात आगंतुक नाहीत. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या या माणसाने बडोद्याच्या कलाभवनात शिकत असताना आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती केली. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात १८९२ साली तिला सुवर्णपदक मिळालं. सिनेमा हातात यायच्या वीस वर्षं आधी फाळके स्पर्धेत छोट्या आकाराची वस्तू मांडून बक्षीस घेऊन आले होते. 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं. 'मोहिनी भस्मासुर'बरोबर त्यांनी 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट दाखवला, आणि पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्याच कॅमेऱ्यापुढे हलवल्या. पुराणकथेशेजारी हसण्याला जागा ठेवायची ही त्यांची सवय मला किल्ल्याच्या रचनेतही हवीशी वाटते.

ज्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच १९१३ साली इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. तिथे ब्रिटन कंपनीने १८९३ साली पोकळ ओतीव शिपाई काढल्यापासून ५४ मिलिमीटर उंची रूढ झाली होती. म्हणजे साधारण १:३२ हे प्रमाण. पुढे खेळांसाठी २८ मिलिमीटरची चित्रं आली, आणि १९८७ पासून 'गोल्डन डेमन' ही चित्रं रंगवण्याची स्पर्धा गेम्स वर्कशॉप ही कंपनी भरवते. त्या जगातून आपल्याला रंगकामाच्या रीती घेता येतात. प्रमाणाचा हट्ट मात्र घेऊ नये. नाशिक जिल्ह्यातला साल्हेर समुद्रसपाटीपासून १,५६७ मीटर उंच आहे. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोठी लढाई झाली, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांच्या १२ किल्ल्यांत त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं. ती सगळी उंची धरून १:३२ प्रमाणात तो अंगणात उभारायचा तर ४९ मीटरचा होईल, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारत. दिवाळीचा किल्ला म्हणून डोंगर आक्रसतो आणि माणसं मोठी राहतात, महाराज सर्वांत मोठे. ही चूक नाही, ही मोठेपणा दाखवण्याची जुनी रीत आहे. माझा सावकार मी मावळ्यांपेक्षा बोटभर ठेंगणा घेतला, तो याच हिशेबाने.

आता रंग. शाडूचं चित्र पाणी पितं. त्यावर थेट पोस्टर कलर लावला की डाग पडतात आणि रंग मेल्यासारखा दिसतो. म्हणून आधी सांध्याची रेघ बारीक पॉलिश पेपरने घासायची, पातळ डिंकाचा एक हात द्यायचा, तो सुकला की अस्तर. अस्तर मी दोन रंगांत देतो: खालून गडद तपकिरी, वरून पांढरा, जसा दुपारचा उजेड डोक्यावरून पडतो तसा. यामागे कारण आहे. दोन-तीन इंचांच्या चित्रावर खऱ्या उजेडाने पडणारी सावली इतकी लहान असते की हातभर अंतरावरून ती दिसतच नाही, चित्र सपाट वाटतं. ढेरीखालची सावली, हनुवटीखालची सावली, धोतराच्या निऱ्यांतला काळोख हे सगळं रंगानेच सांगावं लागतं. मूळ रंग बसले की तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवून अंगावरून फिरवायचा, तो आपोआप सुरकुत्यांत उतरतो. मग फिकट रंगात ब्रश बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच ओढायचा. ढेरी पुढे येते ती या शेवटच्या हाताने.

ढेरीवर किती हसायचं, हे मात्र आधी ठरवलं होतं. नाट्यशास्त्र विकृत अवयवांनाही हास्याचं कारण मानतं. ते मी घेणार नाही. लंगड्या, आंधळ्या, काळ्या माणसाला पाहून हसवणारं चित्र मुलांच्या किल्ल्यावर नको. सावकाराचं हसू त्याच्या हातांत आहे. दोन्ही हात थैलीवर गुंतले म्हणून भाकरी गेली. मूर्ती करताना मी बोटं थैलीत रुतल्यासारखी दाबली आणि रंगवताना बोटांची पेरं फिकट ठेवली, कारण घट्ट आवळलेल्या मुठीचं रक्त मागे सरतं. बंडी पांढरी, ती प्रमथांच्या मानाची. नाक आणि कान किंचित लालसर, चढणीमुळे.

वानर काळ्या तोंडाचं घेतलं. एवढ्याशा काळ्या चेहऱ्यावर भाव दिसत नाही, आणि तेच हवं होतं. सावकाराचा चेहरा धापेने सगळं बोलतोय आणि वानर मात्र आपलं काम चोख करणाऱ्या कारकुनासारखं शांत. त्याच्या अंगावर राखाडी रंगाचे दोन हात दिले, आणि भाकरी सर्वांत फिकट ठेवली. डोळा आधी तिच्यावर जावा.

तरीही काहीतरी उणं होतं. नाट्यशास्त्र हास्याचे दोन प्रकार सांगतं: माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. सावकार हसत नाही, वानर हसत नाही. प्रसंगात हसणारं कोणी नसेल तर पाहणारा क्षणभर अडखळतो. तेव्हा पाटीतली भाजीवाली उपयोगी पडली. हास्याचे सहा भेद आहेत, ओठांतल्या स्मितापासून पोट धरून हसण्यापर्यंत, म्हणजे अतिहसितापर्यंत, आणि प्रत्येकाच्या खुणा दिल्या आहेत. भाजीवालीला मी पहिला भेद दिला: गाल थोडे फुललेले, नजर तिरकी, दात न दिसणारे. तिने अतिहसित केलं असतं तर सावकार वळला असता आणि प्रसंगच मोडला असता.

सगळी करामत तिच्या डोळ्यांत होती. साच्यातल्या चित्रांची आखणी घाईत होते, पांढऱ्या डोळ्यात मधोमध काळा ठिपका. मधोमध ठिपका असलेला माणूस नेहमी दचकलेला दिसतो. मी जुने डोळे पुसून त्वचेचा रंग दिला. नव्या डोळ्याचा पांढरा शुद्ध पांढरा घेतला नाही, त्यात पिवळसर माती मिसळली. बुबुळ डाव्या कोपऱ्यात, वरच्या पापणीला टेकलेलं. एका डोळ्याची रुंदी जेमतेम मिलिमीटरभर. ब्रश बारीक असण्यापेक्षा त्याचं टोक एकवटलेलं असणं महत्त्वाचं, आणि रंग दुधाएवढा पातळ. मनगट टेबलाला टेकवून, श्वास सोडून झाल्यावर, पुढचा श्वास घ्यायच्या आत ठिपका द्यायचा. नंतर ओठाचा एक कोपरा, फक्त एकच, वर. दोन्ही वर केले तर ती हसणारी बाई होते. एकच केला तर ती काहीतरी पाहिलेली बाई होते.

शेवटी सगळ्यावर बिनचमकीचं वॉर्निश. आणि ते सुकल्यावर चकचकीत वॉर्निशचे मोजके ठिपके: भाजीवालीच्या दोन्ही बुबुळांवर, सावकाराच्या कपाळावर घामाचे तीन, आणि त्याच्या खालच्या ओठावर एक. किल्ल्यावर मी त्यांना वाटेच्या वळणावर बसवलं. पोरं डावीकडून येतात, त्यांना आधी भाजीवाली दिसते, मग ती बघतेय तिकडे थैली कवटाळलेला सावकार. वानर सावकाराच्या पाठीआड असतं. पुढे दोन पावलं टाकली की ते दिसतं.