सहलीचा दिवस ठरवा तिथी पाहून

कुडाळ, प्रतिनिधी – सहामाही परीक्षा आटोपून थंडीची चाहूल लागली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. कुडाळ परिसरातील शाळांना एका दिवसाच्या सहलीसाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला सुमारे ३० किलोमीटरवर, वाटेत धामापूरचा तलाव, तर विरुद्ध दिशेला अगदी जवळ चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची पिंगुळी. असे असूनही फळ्यावर लागणाऱ्या कार्यक्रमात सहा-सात ठिकाणे कोंबलेली असतात आणि शेवटी ‘समुद्रकिनारा, दुपारी ३ ते ५’ ही ओळ हमखास असते. सहलीतील खरा धोका या शेवटच्या ओळीतच दडलेला आहे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी येथे बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जणांचा बळी गेला. या दोन्ही सहली महाविद्यालयीन तरुणांच्या होत्या. १० डिसेंबर २०२४ रोजी कर्नाटकातील मुरुडेश्वर येथे मात्र चार शाळकरी मुली बुडाल्या. गुडघाभर पाण्यात कसली भीती, हा समज अशा ठिकाणी घात करतो. किनाऱ्यावर आदळलेले पाणी परतताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. वरून तो भाग उलट शांत दिसतो, आणि ओहोटी लागलेली असेल तर ही ओढ बहुधा अधिक जाणवते.

कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. दोन्ही पक्षांत हिशेब तोच. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि पुढे सुमारे सहा तास ओहोटी. म्हणजे कार्यक्रमात किनाऱ्यासाठी राखलेल्या तीनच्या वेळेला उधाणाचे पाणी ऐन जोरात ओसरत असते! अष्टमीला हाच हिशेब सहावर येतो. पहाटे भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटीची अखेर, आणि भांगाचे पाणी असल्याने चढउतारही कमी. अर्थात अष्टमी म्हणजे डुंबण्याची मुभा नव्हे. तिथीचा ठोकताळा दिवस निवडण्यापुरता. नेमकी वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटी तक्त्यातून किंवा मालवणच्या बंदर कार्यालयातून घ्यावी. मुलांनी पाण्यात उतरायचे नाही, हा नियम पालकांच्या संमतीपत्रातच लिहिलेला बरा. ऐन वेळी शिक्षकांना मुलांच्या आग्रहापुढे नमते घ्यावे लागत नाही.

ठिकाणे दोनच ठेवली तर दिवस पुरतो. साडेसातला कुडाळ सोडल्यास धामापूरला तासभर देता येतो. १५३० साली बांधलेल्या या तलावाला आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली; तेथे बांध आणि पाटाचे पाणी दाखवता येते. साडेदहापर्यंत मालवणच्या धक्क्यावर पोहोचावे. नाववाले किल्ल्यावर साधारण तासाभराची मुदत देतात. शाळेने आधी बोलून ती वाढवून घ्यावी. १६६४ साली पायाभरणी झालेला हा किल्ला धावत पाहण्याचा नव्हे. चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड कशा, हा एकच प्रश्न मुलांना आदल्या दिवशी दिला तरी ती कान टवकारून ऐकतात.

नावेत चढताना एका गाडीतील मुले दोन-तीन नावांत विभागली जातात आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. त्यासाठी दहा-दहांचे गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि एका गटाची एकच नाव, ही व्यवस्था शाळेतच ठरवावी. ‘सगळे आले का?’ या प्रश्नाला मुले नेहमीच ‘हो’ म्हणतात. हजेरी नावानिशी घ्यावी. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढल्याशिवाय नाव सोडू देऊ नये.

एसटीची शालेय सहलींसाठीची निम्म्या भाड्याची सवलत घ्यायची तर आगारात वेळेत अर्ज करावा लागतो. शिक्षण विभागाची परवानगीही त्याआधी हाती हवी. एखाद्या शिक्षकाने आधी जाऊन मुलींच्या स्वच्छतागृहाची, सावलीची आणि पिण्याच्या पाण्याची सोय पाहून यावी. गाडी लागणाऱ्या मुलांना पुढची आसने द्यावीत.

परतीची वेळ पालकांना शाळा गाठण्याची कळवली जाते. मात्र दूरच्या वाड्यांवरील मुलांचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. डिसेंबरात सहानंतर लवकरच अंधारते. त्यामुळे मालवणहून चारच्या आत निघावे आणि कोणत्या मुलाला कोण न्यायला येणार, याची यादी सकाळी गाडी सुटण्यापूर्वीच वर्गशिक्षकांकडे तयार असावी.