प्रशांत महासागर तापतो, अंटार्क्टिका वितळते!

'एल निनो' म्हटले, की आपल्याला आठवतो तो रखडलेला पाऊस. मात्र, प्रशांत महासागराच्या या तापण्याचे पडसाद मान्सूनपुरतेच मर्यादित राहत नाहीत. विषुववृत्तापासून सुमारे नऊ हजार किलोमीटर दूर असलेल्या पश्चिम अंटार्क्टिकाची हवाही त्यामुळे बदलते.

तेथील 'बर्ड' या अमेरिकी तळावरील नोंदींनुसार १९५८ ते २०१० या काळात सरासरी तापमान सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढले. जागतिक सरासरीच्या तुलनेत ही वाढ कितीतरी अधिक आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११मध्ये तेथील हिवाळ्यातील तापमानवाढीचा संबंध मध्य प्रशांत महासागराच्या तापण्याशी जोडला.

हे घडते कसे? समुद्राचे पाणी तापले, की बाष्पीभवन वाढते आणि उंचच उंच ढग तयार होतात. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते. या उष्णतेमुळे दहा-बारा किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांचा प्रवाह विस्कळित होतो. तळ्यात दगड पडल्यावर तरंग उठावेत, तशा महाकाय लहरी वातावरणात उमटतात. स्वीडनमध्ये जन्मलेले हवामानशास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताव रॉस्बी यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. वळणदार मार्गाने दक्षिणेकडे जाणाऱ्या या लहरींमुळे अंटार्क्टिकालगतच्या आमुंडसेन समुद्रावरील हवेचा दाब वाढतो, वारे दिशा बदलतात आणि उत्तरेकडील उबदार, दमट हवा थेट बर्फाळ प्रदेशात शिरते.

याचा ठळक प्रत्यय जानेवारी २०१६मध्ये आला. त्या वेळी एल निनो तीव्र होता आणि अंटार्क्टिकात उन्हाळा होता. रॉस हिमफळीसह विस्तीर्ण भागातील पृष्ठभागावरचा बर्फ सुमारे दोन आठवडे वितळत होता.

धोका केवळ पृष्ठभागापुरता नाही. बदललेले वारे समुद्राच्या खोल थरातील तुलनेने उबदार पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. हे पाणी हिमनद्यांचे तरंगते टोक खालून पोखरते. यांपैकी एकटी थ्वेट्स हिमनदी पूर्ण वितळली, तरी जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल. ही प्रक्रिया अल्पावधीत पूर्ण होणारी नाही. परंतु तिचा परिणाम मुंबईसारख्या समुद्रसपाटीलगत वसलेल्या शहरांना टाळता येणार नाही. ध्रुवावरील बर्फाचे भवितव्य समजून घ्यायचे, तर उष्ण कटिबंधातील समुद्राकडेही लक्ष ठेवावे लागेल.