पोफळ वाकते, पोफळ मोडते

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर हे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. कोकणात ‘आगर’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग, म्हणजे हे गाव आपला धंदा नावातच घेऊन बसले आहे. आणि नाव जुने आहे. येथे सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या अतिशय जुन्या लेखांत गणला जातो.

पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. कोकणातल्या वाड्यांत सुपारी उतरवणारा कसबी गडी पाहण्यासारखा असतो. एका पोफळीचा घड उतरवला की तो खाली येत नाही. आपल्या वजनाने झाडाला झोका देतो आणि शेजारच्या पोफळीला मिठी मारतो. बारा मीटर उंच आणि वीतभरही जाड नसलेले खोड एवढे वाकते, पण मोडत नाही.

मग ३ जून २०२० रोजी काय झाले? त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. काही तासांत दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांत माड-पोफळी आडव्या पडल्या.

विद्यार्थी मित्रांनो, थोडा हिशेब करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण ४ किलो वजनाइतका जोर लावतो. वेग चौपट, म्हणजे १२० झाला, की जोर सोळापट होतो, सुमारे ६८ किलो. (‘वेग चौपट तर जोर चौपट’ हे उत्तर दरवर्षी माझ्या वर्गात निम्म्या वह्यांत असते!)

झावळ्या वाऱ्यात मिटतात, म्हणून शेंड्याचे क्षेत्रफळ अर्धाच चौरस मीटर धरू. जोर झाला ३४ किलो. आता तो गडी घ्या. त्याचे वजन ६० किलो आणि झोक्यात झाड १५ अंश कलले, तर त्याच्या वजनाचा आडवा भाग सुमारे १५ किलो भरतो. वादळाचा जोर त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तोही एकदा नव्हे, झोतामागून झोत. हा जोर शेंड्यावर लागतो, बुंधा जमिनीत घट्ट. बारा मीटरची तरफच ती! खोड टिकले तर मुळे उपटतात, मुळे टिकली तर खोड मोडते.

खोडाची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. जाडी दुप्पट असती तर ताकद आठपट असती. मग पोफळ जाड का होत नाही? आंब्याच्या खोडात दरवर्षी नव्या लाकडाचा थर चढतो. पोफळ ताडाच्या कुळातली, तिला हा थर नाही. तिला फांद्याही नाहीत. वाढणारा कोंब एकच, अगदी शेंड्याला. मोडलेल्या आंब्याला धुमारे फुटतात, मोडलेली पोफळ संपली.

एरवी तिला वाचवते ती वाडी. समुद्राकडून येणारा वारा आधी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांवर आणि केतकीच्या बेटांवर आपटतो, मग माडांवर. आतल्या पोफळींपर्यंत त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. पण पुढची रांग पडली की मागची उघडी पडते आणि आडोशात वाढलेल्या सडपातळ पोफळींना तो सगळा मारा एकदम सोसावा लागतो.

वादळ गेल्यावर वाचलेल्या झाडांपुढे दुसरे संकट होते, उन्हाचे. पोफळ सावलीतले झाड आहे. माडांचे छत गेले की दुपारनंतरचे तिरपे ऊन थेट खोडावर पडते. नैर्ऋत्येच्या बाजूची साल करपते, तिला भेगा जातात, आणि काही वर्षांनी असे झाड साध्या वाऱ्यानेही त्याच जागी मोडू शकते. वादळात किती झाडे गेली हे दुसऱ्या दिवशी मोजता येते, ही झाडे त्या मोजणीत येत नाहीत.

नवी लागवड करायची तर रोपालाही सावली हवी, आणि सावली देणारा माड तयार व्हायला वर्षे लागतात. बागायतदाराकडे यावर जुना तोडगा आहे. तो आधी केळ लावतो. केळ वर्षभरात डोक्यावर जाते, तिच्या रुंद पानांखाली पोफळीचे रोप धरते, आणि मधल्या काळात केळीचे चार पैसेही हाती येतात. पोफळीचा पहिला घड मात्र पाच ते आठ वर्षांनी. गड्याने शेंड्यावरून शेजारच्या झाडावर जावे इतकी उंच आणि इतकी दाट वाडी व्हायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.